'कुफुंगिसिसा'ला मराठीत काय म्हणायचं?

माधुकरी: झिम्बाब्वेतल्या 'फ्रेंडशिप बेंच' या मानसिक आधाराच्या उपक्रमाची माहिती मराठीत आणते आहे. मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली हरारेच्या म्बारे वस्तीत १४ आज्यांना घेऊन हे काम सुरू केलं. दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर ऐकून घेणारी आजी आणि मन खचून आलेला माणूस, दोघंच. त्यांच्या शोना भाषेतला 'कुफुंगिसिसा' अडलाय. 'अतिविचार' चालेल?

दौतटाक: कळेल, पण असं बोलतं कोण? 'कुफुंगा' म्हणजे विचार करणं. '-इसिसा' जोडलं की त्याचा अतिरेक. आपल्याकडे ते काम द्विरुक्ती करते: विचार करकरून डोक्याचा भुगा होणं. 'चिंता' नको, ती पुढच्याची. इथं मागचंही उगाळणं आलं. 'झुरणं' कुणासाठी तरी असतं. 'कुढणं' जवळचं, पण त्यात तोंड मिटलेलं असतं.

भिंगरी: लेखात भुगा घाला, आलेल्या माणसाला विचारायच्या प्रश्नावलीत नको. तिथं गेल्या आठवड्याबद्दल हो-नाहीचे १४ प्रश्न आहेत आणि पहिलाच विचारांचा. रेशनच्या रांगेत तासभर उभं राहिलं तरी डोक्याचा भुगा होतो. सगळेच 'हो' म्हणतील. तिथं सरळ विचारा: 'फार विचार करत बसलात का, किंवा एकाच वेळी पुष्कळ गोष्टींचा?' जिवाचा प्रश्न तर मुळीच गुळमुळीत नको. 'जीव नकोसा झाला' हे उकाड्यालाही म्हणतात. 'जीव द्यावासा वाटला का?' असंच विचारायचं. त्याला 'हो' आलं की एकूण 'हो'ची बेरीज कितीही असो, लगेच पर्यवेक्षकाकडे.

माधुकरी: बाकावरच्या बोलण्याच्या तीन पायऱ्या आहेत: कुव्हुरा प्फुंग्वा, कुसिमुद्झिरा, कुसिम्बिसा. मन मोकळं करणं, उभारी, बळ?

दौतटाक: मन मोकळं करतो तो आलेला माणूस. आजी त्याला 'बोलतं करते'. 'समुपदेशन' इथंच घसरतं, शब्दाच्या पोटातच उपदेश! नवी कार्यकर्ती पाचव्या मिनिटाला तोडगा सांगून मोकळी होते. बाकावर आधी सगळ्या अडचणी मांडायच्या, त्यांतली एक त्यानंच निवडायची. मग 'उभारी' म्हणजे 'होईल हो सगळं नीट' नव्हे. कुणाकडे जायचं, कोणत्या दिवशी, काय बोलायचं, इतकं ठरवून उठायचं. 'बळ' ठीक.

माधुकरी: आणि बाकाला 'पार' म्हणू? आपल्या मातीतला शब्द.

भिंगरी: पारावर बोललेलं संध्याकाळपर्यंत गावभर होतं. साधं 'बाकडं' म्हणा. नावात 'मानसिक'ही नको. तिथंही आधी तसंच नाव होतं, लोक फिरकेनात. आज्यांनीच 'चिगारो चेकुपनमझानो', म्हणजे विचारांची देवाणघेवाण करायचा बाक, असं सुचवलं. नाशिक जिल्ह्यातल्या गावांत असंच काम झालं, त्याचं नावही 'आत्मीयता'. त्यात आजार कुठं दिसतो?

माधुकरी: मग 'सल्लामसलतीचं बाकडं'?

दौतटाक: सल्ला एकाच बाजूनं वाहतो. नुसतं 'मसलतीचं' केलं तर कट शिजतोय असं वाटेल.

भिंगरी: 'हितगुजाचं बाकडं' करा.