मिकोनोस: क्लबात जागा घेणे सक्तीचे नाही

ग्रीसच्या मिकोनोस बेटावरील प्सारू किनाऱ्यावर जायचे तर तिथल्या महागड्या क्लबातच आरामखुर्ची घ्यावी लागते का, हा आपला प्रश्न रास्त आहे. पण तशी सक्ती नाही. ग्रीसमध्ये समुद्रकिनारा ही सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात जवळच्या पारोस बेटावरील रहिवाशांनी खुर्च्या-छत्र्यांच्या अतिक्रमणाविरुद्ध किनाऱ्यावर उतरून जो आवाज उठवला, त्यानंतर २०२४ मध्ये नियम अधिक कडक झाले. मोकळ्या वाळूवर टॉवेल अंथरून पोहण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. मात्र प्सारू लहान असल्याने सकाळी लवकर पोहोचावे.

जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा जोरदार वारा वाहतो. प्सारू, पॅरडाइज, सुपर पॅरडाइज हे गाजलेले किनारे दक्षिणेला, त्याच्या आडोशाला आहेत. प्सारूशेजारच्या प्लातिस यालोस किनाऱ्याहून हंगामात छोट्या बोटी पॅरडाइज, सुपर पॅरडाइजकडे जातात. पॅरडाइजवर दुपार कलल्यावर संगीत आणि नाच सुरू होतो, म्हणून आई-वडील बरोबर असतील तर सकाळचे पोहणे उरकून निघावे; तरुणांनी मात्र तो जल्लोष अवश्य अनुभवावा, कारण इतक्या निळ्या पाण्याच्या काठावर नाचण्याचा आनंद खरोखरच वेगळा आहे.

एक सकाळ डेलॉससाठी राखून ठेवावी, असा माझा आग्रह आहे. ग्रीक देव अपोलोचे जन्मस्थान मानले जाणारे, १९९० पासून जागतिक वारसा यादीत असलेले हे बेट बोटीने सुमारे अर्ध्या तासावर आहे. तेथे मुक्कामाला परवानगी नाही आणि सावलीही फारशी नाही. टोपी व भरपूर पाणी न्यावे.