जळू चावल्याचे कळत नाही, मग खाज नंतर का सुटते?

रानवाट : जुलैत आंबोलीच्या जंगलात मला जळू लागली, पण मोजा रक्ताने भिजेपर्यंत काहीच जाणवले नाही. रक्त बराच वेळ थांबेना. खाज मात्र दुसऱ्या दिवशी सुरू होऊन आठवडाभर टिकली. डास चावल्यावर तर काही मिनिटांतच गांधी उठतात. दोघेही रक्तच पितात, तर दाहात एवढा फरक का?

सूक्ष्मदर्शी : त्वचेला भोक पडताच रक्त गोठू लागते, मास्ट पेशी (त्वचेतल्या पहारेकरी पेशी) हिस्टामिन हे खाज-सूज आणणारे रसायन सोडतात आणि पांढऱ्या पेशी तिकडे धावतात. रक्तपिपासू प्राण्याला हे सारे जेवण उरकेपर्यंत थोपवावे लागते. डासाचे काम दोन-चार मिनिटांचे, त्यामुळे गांधी उठेपर्यंत तो बहुधा उडालेला असतो. जळूला मात्र अर्धा-पाऊण तास चिकटून राहायचे असते. युरोपातील औषधी जळूत रक्त गोठू न देणारा पदार्थ असल्याचे संशोधक हेक्राफ्ट यांनी १८८४ मध्ये दाखवले. तोच पुढे हिरुडिन म्हणून ओळखला गेला. त्याच जळूत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या इलॅस्टेज या विकराला (एन्झाइमला) अडवणारे एग्लिन हे प्रथिन आणि मास्ट पेशींच्या ट्रिप्टेज या विकराला अडवणारे आणखी एक प्रथिनही असते. (सह्याद्रीतील जमिनीवरची जळू निराळ्या कुळातली, पण गरज तीच.) जळू सुटल्यावर हा अटकाव ओसरतो आणि त्वचेत राहिलेल्या परक्या प्रथिनांवर शरीर उशिरा चिडते, तीच तुमची खाज.

गोठ्यातला : या बाबतीत गोचीड जळूच्याही पुढे आहे, कारण ती अनेक दिवस एकाच जागी रुतून असते. काही गोचिडींच्या लाळेतील प्रथिने हिस्टामिनला पकडून ठेवतात, तर इव्हॅसिन नावाची प्रथिने पांढऱ्या पेशींना बोलावणारे संदेशच अडवतात. तरीही शरीर अगदीच हतबल नसते : एकदा गोचिडी लागलेल्या गिनीपिगांवर पुढच्या खेपेस गोचिडींना नीट पोट भरता येत नाही, हे संशोधक ट्रेगर यांनी १९३९ मध्ये दाखवले. आमच्या दोडामार्गात २०१६ मध्ये माकडताप या विषाणूजन्य रोगाची साथ आली, तीही गोचिडींमुळेच, आणि गोचीड लागल्याचे अनेकदा कळतच नाही.

रानवाट : म्हणजे गुडघ्याच्या दुखण्यावर जळवा लावतात, त्यालाही काही आधार आहे तर?

सूक्ष्मदर्शी : थोडा आहे. जर्मनीत एसेन येथे ५१ रुग्णांवर केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, डायक्लोफेनॅक या वेदनाशामक जेलपेक्षा जळवांनी पहिल्या आठवड्यात वेदना अधिक कमी केल्या. परंतु जळू लावली की नाही हे रुग्णापासून लपवता येत नाही, त्यामुळे त्यातले श्रेय लाळेचे किती आणि अपेक्षेचे किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. शिवाय जळूच्या आतड्यात एरोमोनास जिवाणू असतात, ते जखमेत उतरू शकतात. म्हणून हा प्रयोग ओढ्यातली जळू पकडून घरी करू नये.