अर्ज कुठे अडलाय हे गावकऱ्याला कसं कळवायचं?

प्रश्न: मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. नमुना ८ (घराच्या कर आकारणीचा उतारा), जन्माचा दाखला, सगळे अर्ज ऑनलाइन भरतो. तरी लोक रोज येतात, "झालं का रे?" परवा एका आजीने पदराची गाठ सोडून पावती पुढे केली. घामाने शाई फुटलेली, वर नुसता लांबलचक अर्ज क्रमांक. स्क्रीनवर 'प्रक्रियेत'. तिसरी खेप होती त्यांची. फार वाईट वाटलं. आमच्यापुरती छोटी नोंदप्रणाली करतोय, त्यात काय हवंच?

प्रतिसाद १: आधी तारीख. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार प्रत्येक अधिसूचित (सरकारने जाहीर केलेल्या) सेवेला मुदत आणि पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे ती सेवा द्यायला जबाबदार अधिकारी, ठरलेले असतात. मुदत टळली तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. हे कार्यालयातल्या फलकावर असतं, पण फलक वाचायला कोण थांबतं? पावतीवरच मोठ्या अक्षरांत छापा.

प्रतिसाद २: 'प्रक्रियेत' हा शब्दच काढून टाका. 'सहीसाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे', 'नावात फरक, शाळेचा दाखला आणा' असं लिहा. आमच्याकडे निम्मे अर्ज नावाच्या स्पेलिंगपायीच अडायचे. अर्ज घेतानाच आधारशी ताडून पाहायला लागलो, तेव्हा हेलपाटे थांबले.

प्रश्नकर्ता: ताडून पाहण्याचं सुचलंच नव्हतं, आभार! आजींच्या अर्जात तेच निघालं, 'सुमन'चं 'सूमन'. उद्या दुरुस्ती करून दाखला घरी नेऊन देतो.