युनिव्हर्सल रिमोटवरून रिसीव्हरचा आवाज कमी-जास्त होत नाही

प्रश्न: बाबांना तीन रिमोट सांभाळणं जमत नाही म्हणून सीताबर्डीतून लर्निंगवाला (दुसऱ्या रिमोटचे सिग्नल शिकून घेणारा) रिमोट आणला, टीव्ही अन् सेटटॉप मस्त चालून राहिले पण व्हॉल्यूम दाबलं की टीव्हीचाच आवाज वाढते, रिसीव्हर (स्पीकर चालवणारा डबा) ढिम्म. रिमोटसोबतच्या कंपनीवार कोडची पूर्ण यादी पालथी घातली भाऊ, काय करू?

धरमपेठवाला: कोडचा नाद सोड. लर्निंग मोडमध्ये नवा अन् रिसीव्हरचा अशा दोन्ही रिमोटची तोंडं समोरासमोर ठेव, 2-3 सेंमी अंतर, उन्हात नको. अन् मेन गोष्ट, टीव्ही मोडमध्येच राहून व्हॉल्यूमच्या दोन्ही बटनांवर अन् म्यूटवर रिसीव्हरचा सिग्नल शिकव, म्हणजे बाबांना मोड बदलायची गरजच पडत नाही.

बुटीबोरी: रिसीव्हर टीव्हीच्या एचडीएमआय एआरसी पोर्टला (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे पाठवणारं) असेल तर दोन्हीकडे सीईसी (एका रिमोटनं जोडलेलं दुसरं यंत्र चालवायची सोय) चालू करून पाय, टीव्हीच्याच रिमोटनं आवाज होते.

प्रश्नकर्ता: झालं राजेहो! आधी शिकतच नव्हता, मग मोबाइलच्या कॅमेऱ्यातून जुन्या रिमोटचा बल्ब पाहिला तर एकदम फिका, सेल बदलले अन् पहिल्याच झटक्यात घेतलं. सीईसी आमच्या जुन्या टीव्हीत नाहीच. आता बाबा स्वतःच बातम्यांचा आवाज वाढवून बसले, लय बरं वाटलं, दोघांचेही आभार.