घणसोली गाव: महापालिकेने स्वतःची फायबर टाकावी का? आणि पैसा कुठून?

घणसोलीचा_फॉर्मवाला

नमस्कार मंडळी. घणसोली गावात माझं फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. उत्पन्नाचे दाखले, पॅन, शिष्यवृत्ती, अकरावीचे पसंतीक्रम, येईल ते. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि बाहेरच्या बाकावर कायम चार-पाच माणसं.

गेल्या पावसाळ्यात अकरावीच्या एका फेरीचा शेवटचा दिवस होता. सव्वाबाराला राउटरवर लाल दिवा लागला. बाकावर नऊ पोरं आणि त्यांच्या आया. मी निर्धास्त होतो, कारण अशाच वेळेसाठी दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घेऊन ठेवलंय. महिन्याला ७०८ रुपये एकाचे, ७०८ दुसऱ्याचे. बघतो तर दुसऱ्याचाही दिवा लाल. मग दोन पोरांच्या मोबाइलवरून नेट घेऊन, एकेका फॉर्मला वीस-वीस मिनिटं लावत, पावणेसहाला नववा फॉर्म लॉक केला. एका पोरीची आई तर ओटीपी यावा म्हणून मोबाइल डोक्यावर धरून गल्लीच्या तोंडाशी उभी होती.

दुसऱ्या दिवशी तारेच्या मागे मागे चालत गेलो. नाल्याजवळ जेसीबीने खड्डा मारलेला, आणि रस्ता ओलांडायला दोन्ही कंपन्यांच्या तारा एकाच पाइपातून गेलेल्या! एका फटक्यात दोन्ही साफ. म्हणजे दुसऱ्या बिलाचे पैसे मी कशाचे भरत होतो? काम कोणाचं चाललं होतं विचारू नका, बोर्डच नव्हता.

तेव्हापासून डोक्यात एकच. नवी मुंबईचं स्वतःचं मोरबे धरण आहे, स्वतःच्या बसगाड्या आहेत. ठाणे-बेलापूर रोडच्या पलीकडे रबाळे, महापेला एवढाली डेटा सेंटरं उभी आहेत. मग महापालिकेने आपली फायबर टाकून घरोघरी इंटरनेट का देऊ नये? आमचा रहिवासी संघ बजेटच्या आधी सूचना पाठवणार आहे आणि हा मुद्दा लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कायद्यात बसतं का, पैसा कुठून येतो, आणि सेक्टरात आलं तर गावठाणात कधी येणार, एवढं सांगा.

रबाळे_नाइटशिफ्ट

दादा, जगात हे झालेलं आहे. अमेरिकेत टेनेसीमधलं चॅटनूगा बघा. तिथे शहराच्या मालकीची वीज कंपनी १९३५ पासून आहे. तिने शहरभर फायबर टाकली आणि २०१० मध्ये घराघरांत १ जीबीपीएस देऊन टाकलं. तेव्हा आपण इथे डोंगल खिडकीला टांगून बसायचो. पैसा कसा, तर स्मार्ट ग्रिडसाठी केंद्र सरकारकडून ११ कोटी डॉलरच्या वर अनुदान आणि उरलेल्याचे कर्जरोखे. त्याच तारेवर त्यांचे विजेचे स्विच चालतात. झाड पडलं की वीज दुसऱ्या बाजूने आपोआप वळते. इंटरनेटची बिलं आणि विजेतली बचत, दोन्हींतून खर्च निघतो.

आणि आपल्या देशात केरळ सरकारचं के-फोन हे फायबरचं जाळं आहेच, जून २०२३ मध्ये उद्घाटन झालं. करायचं म्हटलं तर होतं.

तारवाला_कोपरखैरणे

नाइटशिफ्ट भाऊ, चॅटनूगाची वीज शहराची. इथे वीज महावितरणची. दिव्याचा खांब एकाचा, रस्ता दुसऱ्याचा, एमआयडीसीत शिरलात की तिसरा. के-फोन तरी का उभं राहिलं? राज्याच्या वीज मंडळाचे खांब होते म्हणून. मुंबईत बेस्टकडे वीज आहे, त्यांनी असा विचार केला तर समजू शकतो. आपल्याकडे स्वतःचं म्हणावं असं पाणी, गटार आणि रस्ता.

मी स्प्लायसिंगचं, म्हणजे फायबरची टोकं जोडायचं काम करतो, वीसेक वर्षं होतील. आधी केबल टीव्हीची कोॲक्स ओढायचो. तुमच्यासारखी तार तुटली की रात्री आम्हालाच फोन. टोक सोलायचं, स्पिरिटने पुसायचं, क्लीव्हरने कापायचं, मशीनमध्ये ठेवायचं, दहा सेकंदांत जोड तयार. जोडात प्रकाशाचा लॉस ०.१ डीबीपेक्षा (डेसिबल) जास्त दिसला तर तोडून परत. एवढंच. तार जोडणं हे काम नाहीच, जागा सापडणं हे काम आहे. ओटीडीआर, म्हणजे तार किती अंतरावर तुटली ते दाखवणारं मशीन, सांगतं ६४० मीटरवर तुटलंय. ६४० मीटरवर असतो काँक्रीटचा रस्ता.

फॉर्मवाले, संघाच्या कागदावर हे लिहा: काच स्वस्त, खड्डा महाग. चोवीस कोरची (आत काचेचे चोवीस धागे) केबल आणि एकशे चव्वेचाळीसची केबल, खड्डा तोच लागतो. खर्च जातो खोदाई, ड्रिलिंग आणि रस्ता परत करून देण्यात. म्हणून महापालिकेने इंटरनेट विकायच्या भानगडीत पडूच नये. जिथे पाण्याची लाइन, गटार किंवा काँक्रीटीकरण तसंही चाललंय, तिथे त्याच खड्ड्यात ४० मिलिमीटरचे चार रिकामे पाइप टाकावेत, ठरावीक अंतरावर चेंबर द्यावेत आणि नकाशा नीट ठेवावा. ज्याला तार न्यायची त्याने भाडं भरावं. तेलंगणात पिण्याच्या पाण्याच्या मिशन भगीरथ योजनेत पाइपलाइनसाठी खणलेले चरच फायबरला वापरले. आपल्याकडे काँक्रीट सुकतं, आणि मग फायबरवाला उगवतो.

सेक्टर७_सुमन

चांगलंय. पण नकाशा ठेवणार कोण? आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या लाइनचा नकाशा जुन्या वॉचमनच्या डोक्यात होता, तो गावी गेला.

निवृत्त_लेखा_ठाणे

हिशेबाचा माणूस आहे, चाळीस वर्षं आकडेच जुळवले, म्हणून थोडं लांबेल. फॉर्मवाले, तुमचे प्रश्न क्रमाने घेतो.

कायदा. दूरसंचार हा केंद्राच्या सूचीतला विषय. ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी बारावी अनुसूची आली, तिच्यात १८ विषय आहेत आणि इंटरनेट नाही. पण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६६ खाली ऐच्छिक कामं आहेत, त्यात लोकांच्या सोयीचं काम बसवता येतं. त्यामुळे दार बंद नाही. नुसती तार भाड्याने द्यायची तर दूरसंचार विभागाची एक परवानगी, घरोघर इंटरनेट विकायचं तर वेगळी आणि जड. दुसरीत ग्राहकांच्या नोंदी, तक्रारी, चोवीस तासांचं कॉल सेंटर, सगळं आलं. ज्या संस्थेला बदलीनंतर नवा साहेब रुळायला सहा महिने लागतात, तिने रात्री दोन वाजता राउटरच्या तक्रारी घ्यायच्या?

आता पैसा. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटींचे रोखे काढले, २४ तास पाणी योजनेसाठी. गुंतवणूकदाराने डोळे झाकून पैसे दिले नाहीत. पाण्याला गिऱ्हाईक पळून जात नाही हे त्याला माहीत होतं. इंटरनेटचं गिऱ्हाईक पळतं.

उदाहरणासाठी आकडे धरू. १० कोटींचं कर्ज, ८ टक्के व्याज. नुसतं व्याजच वर्षाला ८० लाख. दहा हजार घरांनी कनेक्शन घेतलं तर घरामागे महिन्याला ६७ रुपये, कोणालाही जड नाही. पण तीनच हजार घरं आली तर २२२ रुपये. मुद्दल, वीज, पगार, तुटलेल्या तारा, हे अजून धरलेलंच नाही. आणि महापालिका उतरतेय म्हटल्यावर खासगी कंपनी त्या भागापुरता दर दीडशेने खाली आणणार. अशी योजना तिथेच मोडते.

अमेरिकेतल्या प्रोव्हो शहराचं हेच झालं. जवळजवळ ४ कोटी डॉलरचे रोखे काढून जाळं उभारलं, चाललं नाही, आणि २०१३ मध्ये गुगलला एक डॉलरला देऊन टाकलं. एक डॉलर! रोख्यांचे हप्ते मात्र शहराकडेच राहिले. रहिवाशांच्या बिलात त्यापोटी महिन्याला पाचेक डॉलर लावलेले होते. नाइटशिफ्ट, चॅटनूगा सांगताना प्रोव्होही सांगायचं.

याउलट स्टॉकहोम. शहराने १९९४ मध्ये स्टोकॅब नावाची कंपनी काढली. ती इंटरनेट विकत नाही, नुसती काळी तार भाड्याने देते. काळी म्हणजे आत प्रकाश नसलेली, प्रकाश ज्याचा त्याने आणायचा. शंभराहून जास्त कंपन्या भाडेकरू. तारवाल्यांनी सांगितलं ते बरोबर याच वाटेचं आहे.

आणि एक छोटं गाव, आयडाहोतलं अ‍ॅमन. तिथे आळी-आळीने विचारतात, कोणाला हवंय? हो म्हणतील त्यांच्याच मिळकतीवर खर्च चढवतात, सुमारे तीन हजार डॉलर, एकरकमी भरा नाहीतर वीस वर्षांच्या हप्त्यांनी. नाही म्हणेल त्याला दमडी लागत नाही. तार गावाची, कंपनी तुम्ही निवडा, नाही पटली तर संगणकावरूनच बदला. मला हे सगळ्यात आवडलं, कारण खड्डा खणायच्या आधी गिऱ्हाईक मोजलेलं असतं.

घणसोलीचा_फॉर्मवाला

काका, तुमचं लिहिणं प्रिंट काढून दुकानात लावलं. पण अ‍ॅमन आमच्या गावात चालणार नाही. आमच्या गल्लीत माझ्या समोरची इमारत घ्या. मालक एक, खोल्या सोळा, सगळे भाडेकरू. अकरा महिन्यांचा करार. मालकाच्या मिळकतीवर खर्च चढवायचा म्हटलं तर तो म्हणेल, वापरतंय कोण आणि भरतंय कोण? मालक राहतो खालच्या मजल्यावर आणि त्याला मोबाइलवर बैलगाडा शर्यती दिसल्या की पुरे. भाडेकरूची पोरं माझ्या बाकावर बसतात, ती वीस वर्षांचा हप्ता कुठून भरणार?

तारवाले, तुमचे चार पाइपही काँक्रीटच्या रस्त्याखालीच पडणार ना? आमच्या गल्लीत एक स्कूटर आली की दुसरीने थांबायचं. खाली गटार, वर बाल्कन्या.

तारवाला_कोपरखैरणे

तुमच्या गल्लीत खणायचंच नाही. पाइप गल्लीच्या तोंडापर्यंत आला की बास. तिथून भिंतीने तार, इमारतीत जिन्याखाली एक डबी, डबीत स्प्लिटर, म्हणजे एका तारेतला प्रकाश अनेक तारांत वाटणारा तुकडा. एका पोर्टवर बत्तीस घरं आरामात चालतात. सोळा खोल्यांना अर्धी डबी पुरते. हे काम मोठी कंपनी करत नाही, कारण मालकाला चहा पाजून परवानगी काढायला तिच्याकडे माणूस नाही. ते आम्ही लोकल केबलवाले करतो. केरळातही शेवटच्या घरापर्यंत लोकल केबल ऑपरेटरच घेतलेत. नुसतं महापालिका करणार म्हणून लिहिलंत तर आमची पोटं कापाल आणि काम पण होणार नाही.

आणि तुमच्या दुकानासाठी अजून एक. डिसेंबर २०२० पासून पीएम-वाणी आहे. लायसन न घेता दुकानदार आपल्या दुकानातून वायफाय विकू शकतो. दहा-वीस रुपयांत बाकावरची पोरं भागतील. फक्त आत येणारी तार धड पाहिजे, नाहीतर लाल दिवा सगळ्यांना वाटत बसाल.

निवृत्त_लेखा_ठाणे

भाडेकरूंचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मग अट भाड्याच्या करारात घाला. मुख्य रस्त्याखालचा पाइप ज्याला हवा, त्याने त्याच दरात गावठाणाच्या तोंडापर्यंत सेवा द्यायची. पैसा न देता अट घालता येते ती पाइपाच्या मालकालाच, म्हणून पाइपाची मालकी महापालिकेकडे असणं महत्त्वाचं.

नाहीतर निव्वळ खोदाईच्या परवानगीवर फार काही मिळत नाही. केंद्राच्या २०१६ च्या नियमांत जमिनीखालच्या तारेला प्रशासकीय शुल्क किलोमीटरला जास्तीत जास्त १००० रुपये आणि वर रस्ता दुरुस्तीचा खर्च, एवढीच मुभा होती. स्वतःचा पाइप असेल तर भाडं सुरू होतं. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही सामायिक डक्टची (सगळ्यांच्या तारांसाठी एकच पाइप) तरतूद आहे, पत्रात तिचा उल्लेख करा, साहेब लोकांना कायद्याचं वर्ष दिसलं की फाइल सरकते.

पहिलं गिऱ्हाईक महापालिकाच धरा. शाळा, नागरी आरोग्य केंद्रं, विभाग कार्यालयं, चौकातले कॅमेरे. या सगळ्यांच्या इंटरनेटवर वर्षाला किती खर्च होतो, हे माहिती अधिकारात विचारा. तो आकडा हातात आला की कर्ज काढायचं की नाही ते बोलू. कर्जाला राज्य शासनाची मंजुरी लागते, पाण्याच्या कामासोबत चार पाइप टाकायला त्याच कामाच्या अंदाजपत्रकात एक ओळ वाढवली की झालं.

घणसोलीचा_फॉर्मवाला

माहिती अधिकाराचा अर्ज आज सकाळी भरला, दहा रुपयांत. दुसऱ्यांचे भरून देतो, स्वतःचा पहिल्यांदाच.

आणि तारवाले काल संध्याकाळी दुकानावर आले होते. त्यांच्यासोबत जाऊन नाल्याजवळच्या चेंबरचं झाकण पहारीने उचललं. आत गुडघाभर पाणी, त्यात एक चप्पल. पाणी बादलीने उपसल्यावर पाइप दिसले, तीन. दोन गाळाने गच्च. तिसऱ्यातून सगळ्यांच्या तारा कोंबलेल्या, मोजल्या तर अकरा. चार तर मेलेल्या, कापून तशाच सोडलेल्या. तारवाल्यांनी टॉर्च मारून माझ्या दोन दाखवल्या, काळ्या टेपने एकमेकींना बांधलेल्या. म्हणाले, ओढायला सोपं पडतं म्हणून आमच्यातल्याच कोणीतरी बांधल्या असणार.

झाकण परत बसवताना त्यावर नाव शोधलं. घासून सपाट झालंय. चेंबर कोणाचा, ते कोणाला माहीत असेल तर सांगा. अर्ज कुठे करायचा ते ठरवायचंय.

सेक्टर७_सुमन

फोटो टाका. आमच्या गेटसमोर तसंच एक झाकण आहे, त्यावर निदान पहिलं अक्षर तरी वाचता येतंय.