गाडी पाण्यात बुडाली तेव्हा… (अनुभव धागा)

गिरणारेकर

रविवारी जेवायला बसलो आणि भाच्याचा फोन. "मामा, गाडी पाण्यात गेली. सेल्फ मारू का?" ताटावरून उठून ओरडलो, "हात लावू नकोस तिला!" बायकोला वाटलं पोरगंच पाण्यात गेलं.

वाघेरा घाटाकडच्या एका ओहोळावर फरशी पूल आहे, वरून गुडघाभर पाणी चाललं होतं. भाच्याची डर्ट बाईक मधोमध शेवाळावर सरकली, चालू इंजिनासकट आडवी. हँडलचं एक टोक तेवढं वर. भाचा धड आहे, ढोपर सोललंय.

तेव्हापासून माझी २०१६ च्या पुरात बुडालेली गाडी डोक्यातून जात नाहीये. जुनी शंभर सीसी टू स्ट्रोक, बटण टायर (मातीत पकडणारे खडबडीत) टाकून, सायलेन्सर वर उचलून मातीत उडवायला केलेली. गोदाकाठी मित्राच्या वाड्यात तळाला लावायचो. २ ऑगस्टला पूर आला. अख्खं नाशिक गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीला कुठवर पाणी लागलं ते बघायला बाहेर, त्यात मीही. वाड्यातली गाडी आठवली तोवर सीट बुडाली होती.

पाणी ओसरल्यावर नळीने गाळ धुतला, फडक्याने पुसली आणि किक मारली. किक दगड! वाटलं गिअरमध्ये असेल. नव्हती. मग दोघांनी उतारावर ढकलली, मी सेकंड टाकून क्लच सोडला. मागचं चाक फरफटत गेलं आणि आतून एकच आवाज आला, टक्. तो आवाज अजून ऐकू येतो.

फिटरने काही न बोलता स्पार्क प्लग काढला आणि किक हाताने हळू दाबली. भोकातून गढूळ पाण्याची पिचकारी थेट माझ्या शर्टावर. मग म्हणाला, "हे आधी करायचं असतं शेठ." पिस्टनला क्रँकशी जोडणारा रॉड वाकला होता. क्रँक लेथवर गेला, नवा रॉड, बेअरिंगं, बोअर-पिस्टन. जेवढ्याला गाडी घेतली होती त्याच्या निम्मे तिथेच गेले.

भाच्याची काल रात्री उघडली. जरा वेळाने लिहितो, पाहुणे आलेत. तोवर तुमचे येऊ द्या.

तर्री_जादा

शर्टाचा फोटो?

सातपूर_दुसरी_पाळी

दादा, किक दगड का झाली ते सांगतो, ब्रेकमध्ये आहे, दहा मिनिटं आहेत. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. दोनशे सीसीचं इंजिन धरा, कॉम्प्रेशन दहाला एक, म्हणजे आतली हवा दाबून एक दशांश जागेत. पिस्टन वर आला की डोक्यावर उरते फक्त बावीसेक सीसी जागा. म्हणजे चहाचे साडेचार चमचे! त्याहून जास्त पाणी आत असेल तर पिस्टन वर जाणारच नाही, आणि तुम्ही ढकलून, सेल्फ मारून जोर लावलात तर वाकायला बिचारा रॉडच सापडतो. आमच्याकडे वाकलेले रॉड येतात लेथवर, डोळ्याला सरळ दिसतात. व्ही खाचेच्या ठोकळ्यावर ठेवून मापाचा डायल लावला की काटा नाचतो.

भाच्याची चालू असताना आत गेली ना? मग मला जरा भीती वाटते. शिट्टी झाली, पळतो.

रानवाटा

चालू गाडी पाणी ओढून बंद पडली तर रॉड चेक केल्याशिवाय पुढे जाऊ नका, दुसरी पाळीवाले बरोबर बोलले. पण फरशीवर पडताना बहुतेक वेळा हातून क्लच सुटतो, गाडी गिअरमध्येच गचका खाऊन आधी बंद पडते आणि मग पाणी शिरतं. नशीब.

आमच्या ग्रुपचा नियम: पाण्यातून काढली की चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढायची. सीट काढून एअर फिल्टर पिळायचा, अक्षरशः स्पंज पिळतो तसा. प्लग काढायचा. मग चौघांनी गाडी मागच्या चाकावर उभी करायची, सायलेन्सरमधून धो धो पाणी येतं. त्यानंतर टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवा, प्लगच्या भोकातून फवारा थांबेपर्यंत. तोंड भोकावर नेऊन बघू नका, एकाने बघितलंय. कार्बोरेटर असेल तर खालचा स्क्रू सोडून चेंबर रिकामं करा.

काश्यपी धरणाच्या बॅकवॉटरला एकदा हे सगळं करून गाडी अर्ध्या तासात चालू केली होती. चालू झाल्यावर मालक आनंदाने थेट घरी निघाला, ऑईल न बदलता, पस्तीस किलोमीटर. पुढचं सांगायला नको.

ओटा_माझा

सांगा ना पुढचं, आम्हाला कळत नाही.

बाकी माझा अनुभव वेगळा आहे. मी बाईक चालवत नाही, मी बाईकसोबत राहते. नवऱ्याची गाडी बुडाली तेव्हा कार्बोरेटर माझ्या इडलीपात्रात उकळला. "फक्त पाणीच आहे गं" म्हणे. हेअर ड्रायर घेऊन चार तास वायरींचे सॉकेट वाळवत बसला, माझे केस कधी एवढ्या प्रेमाने वाळवले नाहीत. नंतर तो ड्रायर जळाला. इडलीपात्र मी फेकलं. गाडी उत्तम चालते.

कुकर झाला, येते.

तर्री_जादा

इडलीपात्र!! कार्बोरेटरचे सोळा जेट एकदम लागतील वहिनी

रानवाटा

@ओटा_माझा पुढचं म्हणजे ऑईलमध्ये पाणी मिसळून त्याचा साय आलेल्या चहासारखा घोळ होतो. त्याला वंगणाचा गुणच राहत नाही. कॅमची बेअरिंग गेली, क्लच प्लेटा फुगल्या. त्याला आम्ही आजही चहा विचारत नाही.

बटण_टायर_हवंय

गिरणारेकर, ते १०० सीसीचे बटण टायर अजून आहेत का? मागचा १८ इंची असेल तर घेतो.

गोदातीर_१९६९

मुलांनो, मी तेव्हा दुसरीत होते. १९६९ चा पूर. वडिलांची राजदूत होती आणि वडिलांनी माणसं, कागदपत्रं, देव सगळं वर नेलं, राजदूत मात्र जिन्याच्या कठड्याला दोरखंडाने बांधली, गाय बांधतात तशी. वाहून गेली नाही एवढंच. पाणी उतरल्यावर आईने घासलेट मागितलं चुलीसाठी, तर घरातलं सगळं घासलेट वडिलांनी इंजिनात ओतलेलं. इंजिन गंजू नये म्हणून. आई दोन दिवस बोलली नाही. राजदूत मात्र त्यानंतर माझ्या लग्नापर्यंत होती.

सराफ बाजारात नंतर कित्येक दिवस ओल्या कागदांचा वास होता. विषय सोडून लिहिलं, क्षमस्व.

गिरणारेकर

काकू, विषय सोडून कुठे, वडिलांचं शंभर टक्के बरोबर होतं. पाणी काढल्यावर उघड्या हवेत बेअरिंग आणि बोअरला एका रात्रीत गंज धरतो. लगेच उघडायला जमणार नसेल तर इंजिन डिझेल नाहीतर ऑईलने भरून ठेवायचं. माझी २०१६ ला तीन दिवस तशीच उभी होती, बोअरवर तांबूस नक्षी उमटली होती.

@बटण_टायर_हवंय टायर गेले भंगारात.

आता भाच्याचं. रविवारी संध्याकाळी त्र्यंबक रोडला श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या ब्रह्मगिरी फेरीची गर्दी, म्हणून टेम्पो हरसूलवरून गिरणारेमार्गेच आणला. टोमॅटोच्या क्रेटमध्ये गाडी. रात्री नऊला खाली ट्रे ठेवून ड्रेन बोल्ट सोडला. आधी अगदी नितळ पाणी आलं, पेलाभर. भाचा म्हणतो, "मामा, ऑईल गेलं कुठे?" अरे, पाणी जड, ते तळाला बसतं. मग धार पांढरट झाली, मग कॉफीसारखी, आणि शेवटी बोल्टच्या भोकाला लोण्यासारखा गोळा लोंबत राहिला. तो बोटावर घेऊन पोरगं बराच वेळ बघत होतं. पुस्तकात नाही दिसत हे.

प्लग काढून चाक फिरवलं. फवारा आला पण माती नव्हती, ओहोळाचं पाणी स्वच्छ होतं. पुराचं आणि ओहोळाचं पाणी ह्यात हाच फरक, गाळ म्हणजे पॉलिश पेपर. चाक सलग फिरतंय, कुठे अडकत नाही. भोकातून स्क्रू ड्रायव्हर न घालता सायकलची आरी घालून पिस्टन वर किती येतो ते बघितलं, त्याच मॉडेलच्या मित्राच्या गाडीशी ताडून. सारखं आलं. वाकला असता तर कमी आला असता.

सातपूर_दुसरी_पाळी

आरीची आयडिया आवडली. पण मिलीमीटरभर वाकला असेल तर आरीवर कळणार नाही. दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज लावा, माझ्याकडे आहे, घेऊन जा.

चांदोरीचा_बागायतदार

आमच्याकडे गाड्या नाही बुडत, गावच बुडतं. २०१९ च्या ऑगस्टला नदीकाठचं डिझेल इंजिन पूर्ण पाण्याखाली. पण त्याला डीकॉम्प्रेशनची, म्हणजे आतला दाब सोडायची कळ असते. कळ उचलून हँडल हळू फिरवलं, सायलेन्सरमधून पाणी भकाभक बाहेर. डिझेलची टाकी धुतली, नळीतली हवा काढली, ऑईल दोनदा बदललं, तिसऱ्या दिवशी धडधडलं. तुमच्या त्या नाजूक गाड्यांना अशी कळ का देत नाहीत?

बाकी गंगापूर धरणाचा विसर्ग आज किती आहे कोणी सांगेल का? इकडे पाणी फुगायला लागलंय.

रानवाटा

सकाळपासून वाढवलाय म्हणतात. दादा, मोटार काढून घ्या आधी.

चांदोरीचा_बागायतदार

काढली. सवय आहे.

विम्याने_मारलेला

मी कंपनीचं नाव घेत नाही. पार्किंगमध्ये पाणी शिरलं, गाडी बुडाली, मी शहाण्यासारखा सेल्फ मारला, रॉड गेला. सर्व्हेअरने गोड आवाजात विचारलं, "पाणी ओसरल्यावर चालू करून पाहिली का?" मी प्रामाणिकपणे हो म्हणालो. संपलं. म्हणे पाण्याचं नुकसान वेगळं आणि तुम्ही चालू केल्यामुळे झालेलं वेगळं. इंजिन प्रोटेक्शनचं ॲड ऑन, म्हणजे जादा संरक्षण घेतलं नव्हतं. सीट, वायरिंग, बेअरिंगचे पैसे मिळाले, इंजिनाचा रुपया नाही. खरं बोलायचे संस्कार महाग पडले.

तर्री_जादा

इंजिनापेक्षा संस्कार आधी खोलून बघायला हवे होते

कोणी रविवारी मिसळीला येतंय का? भाच्याची ट्रायल पण होईल

रानवाटा

मी येतो. पापड माझा एकट्याचा.

आणि टाकी विसरू नका कोणी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, ते पाणी ओढून घेतं आणि दोघं मिळून तळाला बसतात. पंप आधी तेच ओढणार. टाकी पूर्ण रिकामी करून काचेच्या बाटलीत बघा, दोन थर दिसतात.

गिरणारेकर

गेज आणलं, धन्यवाद दुसरी पाळी, कॉम्प्रेशन मित्राच्या गाडीइतकंच आलं. टाकी धुतली, बाटलीत खरंच दोन थर. स्वस्तातलं ऑईल भरून आज सकाळी चालू केली. पहिल्या फटक्याला नाही, सहाव्या-सातव्याला. पांढरा धूर सगळ्या बोळात, शेजारच्या आजी ओरडल्या, "धूरफवारणीवाले आले का रे?" तीन मिनिटं चालवून ऑईल काढलं, अजून दुधाळ. परत भरलं, परत काढलं, आता मधासारखं दिसतंय. तिसऱ्यांदा चांगलं ऑईल आणि नवा फिल्टर टाकणार. चाकांची बेअरिंगं आणि कोनसेट (हँडलची बेअरिंगं) अजून उघडायचंय, तिथलं ग्रीस गेलं असणार.

भाचा सकाळपासून विचारतोय, मामा, राउंड मारू का. म्हटलं आधी ट्रे धू. ताईला अजून काही माहीत नाही. तिला ढोपर कॉलेजच्या जिन्यात पडून सोललंय असं सांगितलंय.

ओटा_माझा

ट्रे कसला ट्रे? नीट बघा, बायकोची कणकेची परात आहे का ती.

गिरणारेकर

…

बटण_टायर_हवंय

भाच्याच्या गाडीचे टायर बदलणार असाल तर कळवा.