मदत हवी आहे : जुने संगणक लिनक्सवर नेऊन बोइंकसाठी चालवायचे आहेत

नमस्कार.

आमच्याकडे चार जुने डेस्कटॉप संगणक पडून आहेत. ते भंगारात देण्याऐवजी त्यांवर लिनक्स घालून स्वयंसेवी वितरित संगणनासाठी, म्हणजे मोठ्या वैज्ञानिक गणिताचे तुकडे लोकांच्या संगणकांवर चालवणाऱ्या बोइंक या व्यवस्थेसाठी, वापरावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. सुरुवात केली आहे, परंतु काही ठिकाणी काम अडले आहे. म्हणून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

हे संगणक दादरच्या आमच्या छोट्या प्रशिक्षण वर्गातले आहेत. वर्ग बंद झाल्यावर ते घरी आणले. दोन यंत्रांत इंटेलचा आय-फाइव्ह ४५७० प्रोसेसर आहे, एकात आय-थ्री ४१३० आणि चौथ्यात कोअर टू ड्युओ ई ७५००. प्रत्येकात ४ जीबी रॅमची एकेकच पट्टी असून जुनी फिरती हार्ड डिस्क आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप व बहुतांशी आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्यामुळे यांतले एकही यंत्र त्या वाटेने पुढे जाऊ शकत नाही. प्रोसेसर मात्र सर्वांचे उत्तम स्थितीत आहेत.

बोइंकची ओळख मला सेटी ॲट होममुळे झाली. १९९९ साली सुरू झालेल्या, परग्रहांवरील बुद्धिमान जीवांचे संकेत शोधणाऱ्या त्या प्रकल्पाने ३१ मार्च २०२० रोजी नवे काम वाटणे थांबवले, परंतु त्याच्यासाठी बर्कली विद्यापीठात उभी राहिलेली बोइंक ही व्यवस्था इतर अनेक प्रकल्पांसाठी आजही चालू आहे. मला विशेष ओढ आहे ती आइनस्टाइन ॲट होमची. लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळांच्या नोंदींमध्ये स्वतःभोवती फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या अखंड गुरुत्वीय लहरी शोधणे आणि दुर्बिणींच्या नोंदींतून नवे पल्सार (ठरावीक काळाने स्पंद पाठवणारे न्यूट्रॉन तारे) शोधणे, ही कामे हा प्रकल्प २००५ पासून करत आहे. २०१० साली अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींमधून त्याच्या स्वयंसेवकांच्या घरगुती संगणकांवर एक नवा पल्सार सापडला होता. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होणार आहे आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली आहे. तिच्या नोंदी येतील तेव्हा येतील, पण त्या जातीच्या शोधकार्याला मुंबईतल्या एका खोलीतून आजच हातभार लावता येतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्याच्या जोडीला प्रथिनांच्या रचनेवर काम करणारा वॉशिंग्टन विद्यापीठाचा रोझेटा ॲट होम हा प्रकल्पही घ्यावा, असा विचार आहे.

एका आय-फाइव्ह यंत्रावर लिनक्स मिंट ही लिनक्सची एक आवृत्ती घातली आणि तिच्या सॉफ्टवेअर भांडारातूनच बोइंक बसवले. येथपर्यंत काहीच त्रास झाला नाही. त्यानंतरच्या अडचणी अशा आहेत. प्रोसेसरला चार गाभे असूनही रोझेटाच्या एक-दोन टास्कच (प्रकल्पाकडून आलेली कामे) पुढे सरकतात आणि उरलेल्यांसमोर मेमरीची प्रतीक्षा असल्याची नोंद दिसते. दुपारी खोली पश्चिमेच्या उन्हाने तापते तेव्हा प्रोसेसरचे तापमान नव्वद अंशांच्या वर जाते. काही तास कोणी हात लावला नाही की यंत्र झोपी जाते. शिवाय माझ्या रोजच्या लॅपटॉपवरील बोइंक मॅनेजरमधून या यंत्राशी जोडणी करू पाहिली, तर ती नाकारली जाते. चारही यंत्रांना स्वतंत्र मॉनिटर व कीबोर्ड ठेवण्याइतकी जागा घरात नाही. त्यामुळे शेवटची अडचण सुटल्याशिवाय बाकीच्या यंत्रांना हात घालण्यात अर्थ नाही.

विजेचाही प्रश्न आहे. प्लगमध्ये लावायच्या वॅटमीटरवर हे यंत्र पूर्ण भारावर सुमारे ६५ वॅट घेते, म्हणजे अखंड चालवल्यास महिन्याला साधारण ४७ युनिट होतात. चारही यंत्रे तेवढीच धरली, तर १८७ युनिट. घरचा वापर दोनशेच्या आसपास असल्याने एकूण वापर ३०० च्या टप्प्यापलीकडे जाईल आणि वरच्या युनिटांना चढा दर लागेल. हा खर्च करण्याची माझी तयारी आहे, परंतु तो विज्ञानाच्या कामी यावा, नुसती खोली तापवण्यात जाऊ नये.

तरी या यंत्रांसाठी मिंटच ठेवावे की दुसरे काही घ्यावे, आणि चारही चालवावीत की निवडक, याविषयी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

आपला हेतू अतिशय चांगला आहे आणि अडचणी सर्व सुटण्यासारख्या आहेत. मी काही वर्षे अशीच जुनी यंत्रे चालवत आहे, त्यावरून लिहितो.

मिंट रोजच्या वापरासाठी उत्तम आहे. परंतु ज्या यंत्रासमोर कोणी बसणारच नाही, त्यावर डेस्कटॉपचा भार कशाला ठेवावा? डेबियन या दुसऱ्या लिनक्स आवृत्तीचा छोटा, नेटवरून स्थापना करणारा आयएसओ (स्थापनेची फाइल) पेन ड्राइव्हवर घ्यावा. स्थापनेच्या शेवटी काय काय हवे अशी यादी समोर येते, तेथे डेस्कटॉपची खूण काढून एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या संगणकावरून आदेश देण्याची सोय) आणि सिस्टिमची नेहमीची साधने एवढ्याच खुणा ठेवाव्यात. यामुळे काहीशे एमबी रॅम मोकळी राहते. यंत्र आपोआप झोपी जाण्याचा प्रश्नही उरत नाही, कारण झोपवण्याचे काम बहुधा डेस्कटॉपच करत असतो. बारावी आवृत्ती आल्यापासून डेबियनच्या स्थापनेतच आवश्यक फर्मवेअर (सुट्या भागांना चालवणारे छोटे प्रोग्राम) मिळते, त्यामुळे पूर्वीसारखी शोधाशोध करावी लागत नाही. इंटरनेटसाठी मात्र केबलच वापरावी. वाय-फायच्या स्वस्त यूएसबी डोंगलांचे ड्रायव्हर लिनक्सवर बरेचदा त्रास देतात आणि असा त्रास मॉनिटर नसलेल्या यंत्रावर शोधून काढणे कठीण जाते.

डेबियनमध्ये 'बोइंक-क्लायंट' हे पॅकेज बसवले की ते सेवा म्हणून चालते, यंत्र सुरू होताच आपोआप कामाला लागते आणि 'बोइंक' नावाच्या स्वतंत्र, मर्यादित अधिकारांच्या वापरकर्त्याखाली चालते. आपण प्रकल्पांकडून आलेले प्रोग्राम चालवत असतो, म्हणून ही मर्यादा महत्त्वाची आहे.

आपली जोडणी नाकारली जाते, कारण बोइंक मुळातच बाहेरच्या यंत्राला दार उघडत नाही. 'रिमोट होस्ट्स' या फाइलमध्ये आपल्या लॅपटॉपचा आयपी पत्ता लिहावा, 'जीयूआय आरपीसी ऑथ' या फाइलमध्ये स्वतःचा पासवर्ड ठेवावा आणि सेवा पुन्हा सुरू करावी. डेबियनमध्ये या दोन्ही फाइली ईटीसी निर्देशिकेतील बोइंक-क्लायंटच्या कप्प्यात सापडतात. त्यानंतर मॅनेजरमधील 'संगणक निवडा' या पर्यायात त्या यंत्राचा पत्ता व पासवर्ड दिला की जोडणी होते. राउटरमध्ये प्रत्येक यंत्राला कायमचा आयपी पत्ता नेमून द्यावा, नाहीतर पत्ता बदलल्यावर पुन्हा तोच घोळ होईल. बोइंकचे ३१४१६ हे पोर्ट राउटरवरून बाहेरच्या जगासाठी कधीही उघडू नये.

मेमरीचे कारण सरळ आहे. रोझेटाची एकेक टास्क एक ते दोन जीबी रॅम घेऊ शकते, तेव्हा ४ जीबीमध्ये चार टास्क मावणारच नाहीत. आपल्या तिसऱ्या, म्हणजे आय-थ्री यंत्राची रॅम त्याच डीडीआर-३ जातीची आहे. ती पट्टी काढून एका आय-फाइव्हमध्ये घालावी, म्हणजे त्याची ८ जीबी होईल. दुसऱ्यासाठी लॅमिंग्टन रोडवर जुनी पट्टी मिळून जाईल, फक्त ती डेस्कटॉपची आहे, सर्व्हरची नाही, हे दुकानातच पाहून घ्यावे. रॅम वाढेपर्यंत बोइंकच्या पसंतींमध्ये प्रोसेसरचे ५० टक्केच गाभे वापरायला सांगावेत.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रोझेटाच्या टास्कची मुदत तीन दिवसांची असते, तर आइनस्टाइनची साधारण चौदा दिवसांची. साठवून ठेवण्याच्या कामाचे प्रमाण अर्ध्या दिवसापेक्षा जास्त ठेवू नये. मुदत उलटली की तीच टास्क दुसऱ्या कोणाला तरी पाठवावी लागते आणि मग आपली वीज वाया जाते. एखाद्या प्रकल्पाकडे काही दिवस काम नसणे हेही नेहमीचेच आहे, त्यामुळे दोन प्रकल्प जोडण्याचा आपला विचार योग्य आहे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. मी विजेविषयी आणि उष्णतेविषयी लिहितो, कारण माझ्या मते आपल्या प्रश्नाचा गाभा तोच आहे.

यंत्र फुकट मिळाले असले तरी त्याची वीज फुकट नसते. म्हणून प्रत्येक यंत्र एका युनिटमध्ये किती काम करते, हे पाहावे. ई ७५०० हा दोन गाभ्यांचा प्रोसेसर असून त्याची औष्णिक मर्यादा ६५ वॅट आहे. त्यात एकाच वेळी अनेक आकड्यांवर गणित करणारा एव्हीएक्स आज्ञासंच नाही, त्यामुळे अलीकडचे वैज्ञानिक प्रोग्राम त्यावर संथ चालतात. आपल्या ४५७० ची मर्यादा ८४ वॅट असली, तरी त्याला चार गाभे आहेत आणि एव्हीएक्स-२ सुद्धा आहे. दोहोंवर आइनस्टाइनची एकाच प्रकारची टास्क चालवून लागलेला वेळ आणि वॅटमीटरचा आकडा यांचा गुणाकार करावा, म्हणजे कोणाला शंकाच राहणार नाही. कोअर टू ड्युओ बोइंकसाठी चालवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यावर हलके लिनक्स घालून तो एखाद्या वाचनालयाला टंकलेखनासाठी दिला, तर त्याचा अधिक उपयोग होईल. परंतु देण्यापूर्वी हार्ड डिस्कवरील विद्यार्थ्यांच्या नोंदी लिनक्सच्या 'श्रेड' आदेशाने संपूर्ण पुसाव्यात. नुसत्या झटपट फॉर्मॅटने त्या जात नाहीत.

नव्वद अंशांवरचे तापमान काळजीचे आहे. आधी पंखा व हीटसिंक यांमधील धूळ काढून थर्मल पेस्ट नवी लावावी. इतक्या वर्षांत ती वाळलेलीच असणार. नंतर बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, टर्बो बंद करावा. ४५७० चा मूळ वेग ३.२ गिगाहर्ट्‌झ आणि टर्बोचा कमाल वेग ३.६ आहे. हा वरचा वेग मिळवण्यासाठी व्होल्टेज वाढवावे लागते, म्हणून तेवढ्या थोड्या कामासाठी उष्णता त्या मानाने बरीच जास्त पडते. बोइंकमध्ये प्रोसेसरच्या वेळेची टक्केवारी कमी करण्याचा पर्याय आहे, तो मात्र वापरू नये. त्यात टास्क क्षणाक्षणाला थांबते व सुरू होते आणि तापमान सतत खालीवर होत राहते. त्याऐवजी चारपैकी तीन गाभे द्यावेत. बोइंकला दिवसाची वेळही ठरवून देता येते. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी सात ते सकाळी दहा एवढीच मुभा ठेवली, तर पश्चिमेच्या उन्हाचा प्रश्न मिटेल.

समुद्राच्या दमट, खारट हवेत बंद पडलेले यंत्र चालत्या यंत्रापेक्षा लवकर गंजते, असा माझा अनुभव आहे. म्हणून पावसाळ्यात यंत्रे दीर्घकाळ बंद ठेवू नयेत, आणि ठेवायचीच असल्यास आतली रॅम अधूनमधून काढून तिचे संपर्क पुसावेत.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एका आय-फाइव्हवर डेबियन घातले, रॅमची पट्टी हलवली आणि टर्बो बंद केला. आता तीन टास्क न थांबता चालतात, तापमान सत्तरीच्या आत राहते आणि लॅपटॉपवरून जोडणीही होते. दुसरे आय-फाइव्ह रॅम मिळाल्यावर याच रीतीने करीन. आय-थ्री सध्या सुट्या भागांसाठी राहील आणि कोअर टू ड्युओ वाचनालयाला देईन. यामुळे महिन्याचा वापरही ३०० युनिटांच्या आत बसतो.

एक शंका उरली आहे. इमारतीच्या दुरुस्तीच्या कामामुळे वीज अधूनमधून बंद होते आणि जुन्या यूपीएसची बॅटरी संपलेली आहे. वीज गेल्यावर टास्कचे झालेले काम वाया जाते का? आणि वीज आल्यावर यंत्र स्वतःहून सुरू व्हावे, यासाठी काय करावे?

प्रतिसाद ३

सर्व काम वाया जात नाही. बहुतेक टास्क ठरावीक अंतराने आपली स्थिती डिस्कवर लिहून ठेवतात आणि तेथूनच पुढे सुरू होतात. हे अंतर किमान किती असावे, ते बोइंकच्या पसंतींमध्ये ठरवता येते. आपल्याकडे फिरती हार्ड डिस्क असल्याने तीन ते पाच मिनिटे ठेवायला हरकत नाही.

यंत्र आपोआप सुरू होण्यासाठी बायोसमध्ये वीज परतल्यावर काय करावे अशी नोंद असते, ती 'सुरू' वर ठेवावी. त्याच वेळी मदरबोर्डवरील सीआर २०३२ ही नाण्यासारखी बॅटरी नवी घालावी. ती संपलेली असेल, तर वीज गेल्यावर बायोसची ही निवड पुसली जाऊ शकते आणि घड्याळही अनेक वर्षे मागे जाते. तारीख चुकीची असली की सर्व्हरचे सुरक्षा प्रमाणपत्र अवैध ठरते. मग टास्क पूर्ण होऊनही निकाल पाठवला जात नाही आणि दोष नेटचा आहे असे वाटत राहते. डेबियनमध्ये नेटवरून वेळ जुळवण्याची सेवा चालू आहे ना, तेही तपासून घ्यावे.